गाडीनं प्यालेली दारू

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. ट्रकच्या टायरची कापलेली चप्पल घालून कोणी रस्त्याने गेलं की ती आपोआप समोर येते. माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले, ते मी विसरलो. एका अपघाताचा तपास विसरलो नाही, कारण त्यात पहिली चूक माझी होती. स्पष्टच सांगतो, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल.

तेव्हा चांदा जिल्हा अखंड होता आणि गडचिरोली त्यातला एक तालुका. विदर्भ मुंबई राज्यात आला त्याच्या आसपासची ही गोष्ट. आमचं ठाणं म्हणजे कौलारू तीन खोल्या, एक कोठडी, एक लोखंडी पेटी आणि सायकली. चारी बाजूंनी बांबूचं जंगल. बल्लारपूरला कागदासाठी हा बांबू जायचा. ठेकेदारांचे ट्रक दिवसभर ठाण्यासमोरून धूळ उडवत जायचे. ट्रक बहुतेक लढाईतले, लष्कराने लिलावात काढलेले. बांबूच्या भाऱ्यावर तोडणारे मजूर बसलेले असायचे. बसू नये असा नियम होता. तो नियम मी सोडून कोणालाच ठाऊक नव्हता, आणि मीही तो वापरत नव्हतो.

खात्यात येण्यापूर्वी मी दारूबंदीची पत्रकं लिहायचो. छापायचो, बाजाराच्या दिवशी वाटायचो. लहान वाक्यं आणि मोठे आरोप, हे मला तिथे शिकवलं गेलं. दारू दिसली की माझं डोकं तापायचं. गावं उद्ध्वस्त करणारी ही विषवल्ली, असं मी लिहिलेलं आहे आणि त्यातला शब्दही आज मागे घेत नाही. पण तपासाच्या कामाला तापलेलं डोकं चालत नाही.

उन्हाळा लागत होता. मोहाची फुलं पडायला सुरुवात झाली होती. सकाळी दहाच्या सुमारास ठेकेदाराचा मुकादम धापा टाकत ठाण्यात आला. नाल्याच्या उतारावर बांबूचा ट्रक सुटला, रपट्याच्या बुटक्या पुलावरून खाली गेला, दोन माणसं मेली, अशी त्याची खबर. मी हवालदाराला घेऊन सायकलने निघालो. हा हवालदार नागभीडकडचा, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. मला तोंडावर साहेब म्हणायचा आणि माघारी काय म्हणायचा ते मी कधी विचारलं नाही.

ट्रक नाल्यात तोंडावर पडला होता. बांबू चहूकडे पसरलेले. दोन मजूर भाऱ्याखाली सापडून गेले होते. ड्रायव्हर बाजूच्या दगडावर बसला होता, एक हात मोडून लोंबत होता. त्याच्या जवळ गेलो आणि मोहाच्या दारूचा भपकारा नाकात शिरला. सदरा भिजलेला. केबिनमध्ये फुटलेली बाटली, सीटवर ओल. मला आणखी काही बघायची गरज वाटली नाही. पंचनामा केला. फुटलेली बाटली, ड्रायव्हरचं लायसन्स, मजुरांच्या कुऱ्हाडी आणि मेलेल्यांपैकी एकाच्या टायरच्या वहाणा असा मुद्देमाल जप्त केला. वहाणा ट्रकच्या चाकाखालून निघाल्या होत्या, म्हणून त्या यादीत आल्या. ठाण्यात येऊन पहिल्या खबरेत मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं : ड्रायव्हर दारूच्या नशेत धुंद होता.

डॉक्टरने त्याला तपासलं होतं का? नाही. दवाखाना तीस मैलांवर आणि डॉक्टर रजेवर. कंपाउंडरने हाताला बांबूच्या खपच्या बांधून दिल्या, इतकंच. धुंद हा शब्द मी वासावरून लिहिला. पत्रकात तो नेहमी वापरायचो, हाताला सवय होती.

संध्याकाळी ड्रायव्हरला समोर बसवलं. चाळिशीचा, काटक माणूस, बायकोमुलं आरमोरीकडे. लढाईत लष्कराच्या गाड्या चालवून आलेला.

"किती प्यालास?"

"नाई पेलो साहेब."

"सदऱ्याला वास कशाचा?"

"दारूचाच हाये. बाटली फुटली."

"बाटली कोणाची?"

"माही."

"म्हणजे तू प्यालास."

"मी नाई पेलो साहेब. गाडीनं पेली."

कोठडीजवळचा शिपाई फसकन हसला. हवालदाराने मिशीवर हात ठेवला. मी टेबलावर हात आपटला.

"दोन माणसं मेली आहेत आणि तू थट्टा करतोस?"

"थट्टा नोय. बिरेकात टाकतो मी ते. एरंडेल अन् पयल्या धारची. तीन दिवसापासून बिरेक दगड झालता, मी सांगलं ठेकेदाराच्या दिवाणजीले. आज सकाळी तेल कमी दिसलं म्हून बाटलीतलं टाकलं. मंग उतारावर पाय टेकला त पैडल खालीच गेला."

मला मोटारीतलं काही कळत नव्हतं. सायकलचं पंक्चर काढता यायचं, एवढंच माझं यंत्रज्ञान. जबानीखाली मी शेरा मारला : आरोपी उडवाउडवीची उत्तरे देतो. हलगर्जीपणाने मृत्यूचं कलम ३०४-अ लावलं आणि त्याला कोठडीत टाकलं.

त्यानंतर 'गाडीनं पेली' हा ठाण्यातला रोजचा विनोद झाला. मी सायकल काढली की शिपाई म्हणायचा, "साहेब, सायकलीले एखादा घोट पाजू का, चढाव आहे." दुसरा म्हणायचा, "त्याले विचारा, गाडीले चखना काय देत होता." ड्रायव्हर गजाआड बसून ऐकायचा. हात सुजलेला. तो रडायचा नाही, भांडायचा नाही. फक्त रोज सकाळी एकच विचारायचा, "चाक उघडून पाह्यलं का साहेब?" आणि मी रोज उत्तर न देता निघून जायचो. आज हे लिहिताना संताप येतो, तो त्याच्यावर नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या पायरीवर एक बाई बसलेली दिसली. जंगलातल्या आदिवासी गावची, तिशीची. मेलेल्या दोघांपैकी एकाची बायको. चौदा मैल चालून आली होती. हवालदाराने विचारलं, "बाई, काऊन आली?"

"माह्या मानसाच्या वाहना द्या."

त्यांच्यात माणूस पुरला की त्याच्या नावाने दगड उभा करतात आणि त्याच्या वापरातल्या वस्तू तिथे ठेवतात. दगड उभा राहिला होता. कुऱ्हाड दुसरी मिळाली, तंबाखूची डबी मिळाली. वहाणा नव्हत्या. त्या नवऱ्याने स्वतः कापलेल्या होत्या, ट्रकच्या जुन्या टायरच्या, वर ट्यूबच्या पट्ट्या. आमच्या भागात तेव्हा रबर एवढ्याच वाटेने गावात शिरायचं. टायर झिजला की त्याच्या वहाणा, ट्यूब फाटली की तिच्या पट्ट्यांनी मोळी बांधायची, बादलीला ठिगळ लावायचं, गलोल करायची. दुकानातलं रबर विकत घेतलेला माणूस मी तिथे पाहिला नाही.

मी तिला नियम सांगितला. मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नाही. खटला संपेपर्यंत थांबावं लागेल. तिला मुद्देमाल कळला नाही, थांबणं कळलं. ती पायरीवरच बसून राहिली. तेवढ्यात शिपायाने सवयीने कोठडीकडे बघून हाळी दिली, "काय गा, आज गाडीले किती पाजली?"

सगळे हसले. बाई हसली नाही. म्हणाली, "हसता काऊन? गाडीच पेत होती."

हवालदार थांबला. "तुले काय मालूम?"

"दारू माह्या घरची. मीच काहाडतो."

हे ऐकून मी बाहेर आलो. गावठी दारू गाळणं हा गुन्हा, आणि ही बाई ठाण्याच्या पायरीवर बसून तो कबूल करत होती. मी तिला आत बोलावलं. ती जमिनीवर बसली, खुर्चीला हात लावला नाही. तिला मराठी तुटकच येत होतं, पण तिने जे सांगितलं त्यात एक शब्द कमी नव्हता की जास्त नव्हता.

ड्रायव्हर दर पंधरा दिवसांनी तिच्याकडून एक बाटली न्यायचा. साधी नाही, दुसऱ्यांदा भट्टीवर चढवून काढलेली पहिली धार. काडी लावली तर निळी पेटायची. तशी कोणी पीत नाही, घसा जळतो.

"पण तो पीत नव्हता हे कशावरून?" मी विचारलं.

"आमच्यात जो पेते तो पयले भुईले देते. एक थेंब. मंग तोंडाले लावते. लहान असो का मोठा. परका मानूस आला तरी शिकते. हा दोन साल बाटली नेते, भुईले थेंब नाई. मी म्हनलं, भाऊ, पाप लागन. त तो म्हने, बाई, मी थोडीच पेतो, गाडीले पाजतो. मी म्हनलं, मंग गाडीच्या चाकाखाली भुई आहे ना, तिले दे."

"दिला का त्याने?"

"दिला. चाकापाशी. तवापासून देते."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या मिशीवर आता हात नव्हता.

मी तिला सांगितलं, हे मी कागदावर घेतलं तर तुझ्यावर दारूचा खटला होईल. ती म्हणाली, "गावात म्हनतात, माह्या हातच्या दारूनं माहाच मानूस मेला. दगडापाशी बसू देत नाई मले. तुमी लिहा."

मी त्या दिवशी लिहिलं नाही. तिला सांगितलं, पुन्हा बोलावू. कारण साधं होतं. तिची जबानी खरी मानली तर माझी पहिली खबर खोटी ठरत होती. आणि दारू गाडीत घातली तरी ब्रेक का गेला, हे कुठे कळत होतं? उलट दारूनेच ब्रेक गेला असेल. मग तर ड्रायव्हर दुप्पट दोषी. असा सोयीचा विचार करून मी आरोपपत्र तयार करायला घेतलं. वरूनही तेच हवं होतं. मोठ्या साहेबांचा निरोप आला होता : प्यालेला ड्रायव्हर आहे, सरळ प्रकरण आहे, लवकर निकालात काढा. मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर ठेकेदार चहा पिऊन गेला होता, हे मला शिपायाकडून कळलं. शिपायांना सगळं कळतं.

आरोपपत्र लिहून झालं. सही केली. ठाण्याचा रबरी शिक्का शाईच्या गादीवर दाबला आणि कागदावर उमटवला. कागदावर जाड, पसरलेला काळा डाग उमटला. अक्षरं एकमेकांत घुसलेली. दुसऱ्यांदा मारला, तेच. शिक्का उलटा करून पाहिला. अक्षरं सुजली होती, कडा लोण्यासारख्या मऊ.

"हा शिक्का असा कसा झाला?"

हवालदार खाली मान घालून म्हणाला, "साहेब, शाई लय बसली होती. रातभर घासलेटात ठेवला. शाई निघाली, पन अक्षरं फुगली."

"रबर घासलेटात फुगतं?"

"फुगते ना. मोहरीच्या तेलातबी फुगते. मोटारीच्या तेलात त लयच. एरंडेलात नाई फुगत म्हनतात. आता नवा शिक्का मागवा लागन."

नवा शिक्का मागवायचं मी विसरलो. माझ्या डोक्यात ड्रायव्हरचं वाक्य घुमत होतं. तीन दिवसांपासून ब्रेक दगड झाला होता. आरोपपत्राचे कागद मी पेटीत टाकले, शिक्का खिशात घातला आणि बाजारात सायकल दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे गेलो. हा म्हातारा ब्रह्मदेशच्या आघाडीवर लष्कराच्या वर्कशॉपात होता. फुगलेला शिक्का त्याच्यापुढे ठेवला आणि ब्रेकचं विचारलं.

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "साहेब, बिरेकात रबराची वाटी राह्यते. लहान, कडक, कडेनं ओठ असल्यासारखी. पैडल दाबला का तेल वाटीले ढकलते, वाटी चाकाचा बिरेक दाबते. ओठ चांगला त बिरेक चांगला. वाटी तेलात फुगली त पयले बिरेक अडकते, तापते. मंग ओठ लोळागोळा होते, तेल बाजूनं निसटते, पैडल खाली."

"कुठल्या तेलात फुगते?"

"मोटारच्या तेलात. इंजिनच्या. बिरेकाचं तेल येगळं राह्यते, एरंडेल अन् इस्पिरिटचं. इथी जंगलात ते डब्यातलं कुठी भेटते? म्हून लढाईतून आलेले डायवर एरंडेल अन् मोहाची पयली धार मिसळून टाकतात. आमी ब्रह्मदेशात काय कमी टाकली? चालते साहेब. कंपनीच्या मालाइतकी नाई, पन चालते. वाटीले काई होत नाई."

म्हणजे ज्या बाटलीमुळे मी त्या माणसाला कोठडीत टाकलं, तीच ब्रेक टिकवत होती.

दुसऱ्या दिवशी दोन पंच आणि मिस्त्री घेऊन नाल्यावर गेलो. ट्रकची चारही चाकं उघडली. मिस्त्रीने बोटाने एक वाटी काढून माझ्या तळहातावर ठेवली. भिजवलेल्या हरभऱ्यासारखी टचटचीत फुगलेली, ओठ गळालेले. तिच्यातून निघालेलं तेल काळं, इंजिनचं. दारूचा वास नावाला. मी नमुने बाटलीत घेऊन लाखेचं सील मारलं आणि रासायनिक तपासणीला पाठवले. शिवाय मिस्त्रीकडून दोन नव्या वाट्या घेऊन ठाण्यातच एक इंजिन ऑईलमध्ये, एक एरंडेल आणि दारूमध्ये बुडवून ठेवली. दारू कुठून आणली ते विचारू नका. चार दिवसांत एक वाटी फुगली, दुसरी जशीच्या तशी. रोजनाम्यात तशी नोंद केली. शिपायांचा विनोद त्या दिवशी बंद झाला.

आता प्रश्न उरला, इंजिन ऑईल कोणी घातलं? ठेकेदाराचा दिवाणजी डेपोवरचं सगळं बघायचा. गोल चेहऱ्याचा, स्वच्छ टोपीचा माणूस. मी त्याला बोलावून दरडावलं असतं तर तो वकील घेऊन आला असता. माझ्या नोकरीत एक गोष्ट मी शंभर वेळा पाहिली आहे. माणूस आपला गुन्हा लपवतो, आपली अक्कल लपवत नाही. मी त्याला चहाला बोलावलं आणि फुगलेला शिक्का दाखवून म्हणालो, "दिवाणजी, रबराचं काही खरं नाही बघा. घासलेट लागलं की गेलं."

तो खुलला. "साहेब, हे झाडाच्या चिकाचं जुनं रबर. आता जमाना बदलला. लढाईत जपाननं रबराचे मळे घेतले, मंग अमेरिकेनं कारखान्यात रबर केलं. पेट्रोलमधून, म्हनतात दारूमधूनबी. त्याले तेलाचं भेव नाई." असं म्हणून त्याने खिशातून काळ्या नळीचा वीतभर तुकडा काढला. "ही आमच्या ट्रकची पेट्रोलची नळी. बारा साल पेट्रोल पेऊन राह्यली. पाहा, दाबून पाहा."

मी दाबून पाहिली. नळी खरोखर ताठ होती. उत्तम माल. अशी वस्तू खिशात घेऊन फिरणारा माणूस मला मनातून आवडलाही.

"मग तुमच्या ट्रकला तेलाची काळजीच नाही."

"नाईच ना! तो डायवर बिरेकात दारू टाकून टाकून डेपो बाटवत होता. मजूर त्याच्यापाशी जमत. मी म्हनलं, बंद. इंजिनचं तेल घाल, आपली गाडी अमेरिकन आहे, सगळं रबर नवं आहे. तो ऐके ना. मंग त्याच्या माघारी मीच घातलं, चारी चाकाचं बिरेक भरून घेतलं."

"कधी?"

त्याने तारीख सांगितली. अपघाताच्या तीन दिवस आधीची. सांगून झाल्यावर माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि नळी हळूच खिशात घालायला लागला. मी म्हणालो, "राहू द्या, तिचीही नोंद करायची आहे."

नंतर मिस्त्रीला ती नळी दाखवली. तो म्हणाला, "दिवाणजी अर्धा बरोबर हाये. हे कारखान्याचं रबर हाये, याले तेल चालते. पन साहेब, कारखान्याचं रबर म्हनजे एकच जात नोय. टायरचं येगळं, नळीचं येगळं, वाटीचं येगळं. वाटीबी कारखान्याचीच होती. पन एरंडेलासाठी केलेली. ज्याचं काम त्यालेच साजते." एका नळीवरून दिवाणजीने सगळी गाडी जोखली. मी एका वासावरून एक माणूस जोखला होता. दिवाणजीला हसण्याचा अधिकार मला नव्हता.

पण राग आला, आणि तो अजून आहे. ब्रेकच्या तेलाचा एक डबा नागपूरहून मागवायला ठेकेदाराला कोणी अडवलं होतं? ड्रायव्हर दोन वर्षं मागत होता. मजुरांना भाऱ्यावर बसवू नका, हे कोणी सांगायला हवं होतं? मी. बल्लारपूरच्या कागदाच्या गठ्ठ्यावर ही जबाबदार माणसांची नावं छापून येत नाहीत.

बाईला निरोप पाठवला. ती पुन्हा चौदा मैल चालत आली. या वेळी मी खटल्याची गोष्ट तिला दोनदा समजावली, हवालदाराने तिच्या भाषेत तिसऱ्यांदा. तिने डाव्या हाताचा अंगठा उठवला, लुगड्याला पुसला आणि विचारलं, "आता वाहना?"

"अजून नाही," मी म्हणालो.

ड्रायव्हरविरुद्ध पुरावा नाही, असा अहवाल मी कलम १६९ खाली पाठवला. सोबत पहिल्या खबरेतला माझा शब्द चुकीचा होता, हेही लिहिलं. मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं. "स्वतःच्या हाताने स्वतःची चूक लिहून देणारा ठाणेदार मी पहिल्यांदा बघतो," ते म्हणाले. ती शाबासकी नव्हती. पुढच्या वर्षी माझी बदली जिल्ह्याच्या पार टोकाला, सिरोंच्याला झाली.

ड्रायव्हर सुटला. जाताना माझ्याशी एक शब्द बोलला नाही. हात वाकडाच जुळला होता, पुन्हा ट्रक चालवता आला की नाही मला माहीत नाही.

दिवाणजीवर खटला चालला. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे कायद्याचं पुस्तक उघडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. त्याचा वकील चांगला होता. रासायनिक तपासणीने तेल इंजिनचंच ठरवलं, पण घालताना कोणी पाहिलं? डेपोवरच्या एकाही माणसाने तोंड उघडलं नाही. दिवाणजी 'नाही' म्हणाला आणि सुटला. ठेकेदार आरोपी नव्हताच.

बाई साक्षीला उभी राहिली. पहिल्या धारेचं, भुईला न दिलेल्या थेंबाचं, सगळं सांगितलं. वकिलाने विचारलं, ही बेकायदा दारू तू गाळलीस? ती म्हणाली, हो. तिच्यावरचा दारूचा खटला मीच पाठवला होता. पाठवणं भाग होतं, जबानी माझ्या हस्ताक्षरात होती. त्याही खटल्यात गुन्हा कबूल आहे का विचारल्यावर ती हो म्हणाली. मॅजिस्ट्रेट भला माणूस होता. कोर्ट उठेपर्यंतची कैद दिली.

दोन माणसांच्या मृत्यूच्या त्या सगळ्या प्रकरणात शिक्षा झालेली व्यक्ती ती एकटी.

दिवसभर ती कोर्टाच्या भिंतीला टेकून बसली. मी दोनदा बाहेर आलो, दोनदा आत गेलो. तिसऱ्यांदा तिनेच हाक मारली. "साहेब, पेली गाडीनं, बसवलं मले. गाडीले काऊन नाई बोलावलं?" हवालदार हसला नाही. मीही नाही. ती मात्र हसली, तोंडावर पदर धरून.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, ते एका ओळीचं आहे. त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत 'दारूचा वास येत होता' याच्या पुढे मी एक अक्षर लिहिलं नाही. प्यालेला होता की नाही, ते डॉक्टरने लिहावं. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या फौजदाराला मी एवढं एकच सांगत आलो, आणि आरोपी रोज सकाळी एकच गोष्ट विचारत असेल तर आधी ती जाऊन बघ, हे दुसरं.

कोर्ट उठता उठता मुद्देमाल सोडायचा हुकूम झाला. हवालदाराने वहाणा कागदातून सोडवून तिच्यापुढे ठेवल्या. आठ महिने पेटीत पडून होत्या. तिने त्या उलट्या करून पाहिल्या, अंगठ्याने तळ दाबून पाहिला. नवऱ्याच्या टाचेने झिजलेली जागा तशीच होती. वर लाखेचा एक तुकडा चिकटला होता, तो तिने नखाने खरवडून काढला.

"गावात सांगलं का, दारूनं नाई मेला म्हून?" हवालदाराने विचारलं.

"तुमचा कागद वाचन कोन तिथी?" ती म्हणाली. "डायवर आलता. दगडापाशी जाऊन सगळ्यायसमोर बोलला. भुईले थेंब देऊन बोलला. मंग बसू देतात मले."

वहाणा काखेत धरून ती अनवाणीच निघाली.